सुई नाही, पण इंजेक्शन आहेच: सोलापुरातल्या त्वचातज्ज्ञांना खुलं पत्र

प्रति,
सोलापूर शहरातील त्वचारोगतज्ज्ञ आणि कॉस्मेटिक क्लिनिक चालवणारे सर्व डॉक्टर

स. न. वि. वि.

मी ब्यूटी पार्लर चालवते. नवरीचा मेकअप हा माझा मुख्य धंदा. थ्रेडिंग, वॅक्स, फेशियल बारा महिने चालूच असतं. पार्लरवालीनं डॉक्टरांना जाहीर पत्र लिहावं हे तुमच्यातल्या काहींना आगाऊपणाचं वाटेल. वाटू दे. जे औजार तुमच्या हातात असायला हवं, ते सध्या माझ्या दारात विकायला येतंय, म्हणून लिहिणं भाग आहे.

लग्नसराई तोंडावर असताना शहरातल्या एका हॉटेलच्या हॉलमध्ये पार्लरवाल्यांसाठी ‘नीडल-फ्री लिप फिलर’चा, म्हणजे सुई न टोचता पेनसारख्या यंत्रानं ओठ फुगवायचं जेल भरण्याचा, कोर्स झाला. दोन दिवसांचा. फीमध्ये जेवण, तसलं एक पेन, जेलच्या काही कुप्या आणि शेवटी फ्रेममध्ये बसवलेलं सर्टिफिकेट. शिकवणारी बाई कुठल्याशा अकॅडमीची होती, ते एक वेळ समजू शकते. पण स्टेजवर उभं राहून ती सर्टिफिकेटं वाटणारे तुमच्यातलेच एक डॉक्टर होते. त्यांचं नाव लिहीत नाही, कारण माझं भांडण एका माणसाशी नाही. त्यानंतर आम्ही काही जणी मिळून तुमच्यातल्या ज्येष्ठांना जाऊन भेटलो. मागणं साधं होतं: पेननं ओठात फिलर भरणं धोक्याचं आहे, एवढं तुम्ही सगळ्यांनी मिळून जाहीर सांगा. उत्तर मिळालं, “आम्ही यात पडत नाही. तक्रार करायची तर एफडीएकडे करा.”

अर्ज आम्ही तिकडे, म्हणजे राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडेही, दिलाय, ते त्यांचं काम करतील. पण “आम्ही यात पडत नाही” हे उत्तर मला मान्य नाही. ते का, हे सगळ्या गावानं वाचावं म्हणून पत्र खुलं ठेवलंय.

माझ्या गिऱ्हाइकांनाही कळावं म्हणून आधी तुम्हाला पाठ असलेलंच थोडं सांगते. या पेनात स्प्रिंग असते. मोठ्या यंत्रांत दाबाखालचा वायू असतो. बटण दाबलं की दट्ट्या झटक्यात पुढे सरकतो आणि एक-दोन दशांश मिलिमीटरच्या छिद्रातून औषध सेकंदाला शंभर मीटरपेक्षा जास्त वेगानं बाहेर पडतं. ती धारच कातडीला भोक पाडून आत शिरते. सुई नसते, पण भोक पडतं, रक्त येऊ शकतं आणि औषध शरीरात जातं. म्हणजे हे इंजेक्शनच झालं. सुई टोचताना ती कुठवर गेली हे हाताला कळतं, मधेच थांबता येतं. धार एकदा सुटली की सुटली. ती किती खोल जाणार हे स्प्रिंगच्या जोरावर, छिद्रावर, त्या जागच्या कातडीवर आणि पेन किती घट्ट टेकवलं यावर ठरतं. तळहाताची कातडी जाड, ओठाची अगदी पातळ, आणि वरच्या-खालच्या दोन्ही ओठांतून धमनी जाते. जेल त्या धमनीत गेलं की पुढचा भाग पांढरा पडतो, मग निळसर होतो, आणि वेळेत उपाय झाला नाही तर तेवढी कातडी मरते. फिलर डोळ्याकडच्या रक्तवाहिन्यांत पोचून दृष्टी गेल्याच्याही नोंदी आहेत. हे सगळं तुम्ही पुस्तकांत वाचलंय. पार्लरच्या खुर्चीत बसलेल्या मुलीला मात्र सांगतात, “सुई नाही ओ यात, नुसता टक् आवाज येतोय.”

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं ऑक्टोबर २०२१ मध्येच लोकांना आणि डॉक्टरांना दोघांनाही उघड इशारा दिला होता की फिलर भरायला हे सुईविना पेन वापरू नका. ओठ, कातडी आणि डोळे यांना कायमची इजा होऊ शकते, आणि एकच पेन अनेकांना वापरलं तर रोगही पसरू शकतो, असं त्यात स्पष्ट म्हटलं होतं. इतक्या वर्षांत तो इशारा आपल्या गावात मराठीत, तेलुगूत किंवा कन्नडमध्ये कुणी सांगितल्याचं माझ्या पाहण्यात नाही. पेनाच्या जाहिराती मात्र मोबाईलवर तिन्ही भाषांत बघितल्यात.

गेल्या मोसमात पूर्व भागातली एक मुलगी मेकअपच्या ट्रायलला आली. वडिलांचे टॉवेलचे माग, घरात पहिलंच लग्न, सगळं हौसेनं चाललेलं. खुर्चीत बसल्या बसल्या म्हणाली, “अक्का, लिपस्टिक डार्कच लावा.” तिला साडी पिस्ता रंगाची, डार्क कशाला म्हणून मी ब्रश फिरवला तर वरच्या ओठाच्या उजव्या बाजूला ब्रश अडकला. बोटानं बघितलं तर ज्वारीच्या दाण्याएवढ्या दोन गाठी, आणि ओठाच्या कडेला पिवळसर पडत चाललेला काळा-निळा डाग. कुणाच्या तरी घरी जाऊन पेननं करून घेतलं होतं. घरात आईला सांगितलं नव्हतं. कुपीचा फोटो तिच्या मोबाईलमध्ये होता. त्यावर परदेशी अक्षरं आणि गुलाबाचं फूल. आयातदाराचं नाव नाही, लायसन्स नंबर नाही, बॅच नाही, मुदतीची तारीख नाही.

ती आधी एका क्लिनिकमध्ये जाऊन आली होती. तिथे तिला ऐकवलं गेलं, “जिथे केलंस तिथेच जा.” दुसऱ्या एका डॉक्टरांनी नीट तपासलं. हायल्युरॉनिक ॲसिडचं जेल असेल तर ते विरघळवायचं इंजेक्शन मिळतं, पण कुपीत नेमकं काय होतं हेच माहीत नसल्यामुळे त्यांनाही ठाम काही सांगता येईना. लग्न तसंच उरकलं. कन्सीलर मी लावला. फोटोत काही दिसत नाही, आणि हेच मला खटकतं. फोटो बघून तिच्या मैत्रिणी तेच पेन शोधत आल्या.

अजून एक गोष्ट. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा बेचाळीस-त्रेचाळीसच्या वर जातो. फिलरच्या खोक्यावर पंचवीस अंशांच्या आत ठेवा असं लिहिलेलं असतं. इथे कुप्या बसच्या पार्सलनं येतात आणि दुकानात नेलपॉलिशच्या शेजारी शेल्फवर उभ्या असतात. ही मी स्वतः बघितलेली गोष्ट आहे.

आता उलट बाजूही लिहिते, कारण पत्र वाचून कुणी ‘सुईविना सगळंच खोटं’ असं धरून बसू नये. हे तंत्र जुनं आणि कामाचं आहे. १९४० च्या दशकापासून अमेरिकेत जेट इंजेक्टर, म्हणजे अशी धारेनं औषध सोडणारी यंत्रं, वापरात आले. देवी हटवण्याच्या मोहिमेत पश्चिम आफ्रिकेत आणि ब्राझीलमध्ये याच यंत्रांनी मोठ्या प्रमाणावर लसी टोचल्या. कोविडच्या काळात अहमदाबादच्या झायडस कॅडिलाची झायकोव्ह-डी ही डीएनए लस आली. तिला ऑगस्ट २०२१ मध्ये आपल्या सरकारनं बारा वर्षांपुढच्यांसाठी आपत्कालीन मान्यता दिली, आणि ती सुईविना यंत्रानेच कातडीत द्यायची होती. तुमच्या शाखेतही डर्मोजेटसारखी यंत्रं कैक दशकं आहेत: केलॉइडमध्ये (जखमेच्या जागी वाढलेल्या टणक गाठीत) आणि चाई पडलेल्या जागी स्टेरॉइड द्यायला, छोट्या शस्त्रक्रियेआधी जागा बधिर करायला. म्हणजे तंत्र चांगलं, शिकलेले डॉक्टर गावात आहेत, पेशंटही आहेत. तरी ते सोलापुरात आलं ते पार्लरच्या दारानं आणि ओठ फुगवायला.

माझ्या नणंदेच्या कानाच्या पाळीवर केलॉइड आहे. कान टोचले तिथेच वाढलेलं. दर महिन्याला ट्रायमसिनोलोन या स्टेरॉइडचं इंजेक्शन. गाठ इतकी टणक, की डॉक्टर अंगठ्यानं सगळा जोर लावून दट्ट्या दाबतात. एकदा सिरिंजवरून सुईच निसटली आणि औषधाची पांढरी चिळकांडी माझ्या ओढणीवर उडाली. नणंदेनं डोळे मिटून माझं मनगट धरलेलं, नखं रुतलेली, आणि औषध आत गेलंच नव्हतं. पुन्हा टोचावं लागलं. त्या दिवशी मी विचारलं, “डॉक्टर, सुई नसलेलं मशीन असतं म्हणे, त्यानं होईल का?” उत्तर आलं, “ती पार्लरची फॅडं आहेत.” मला हो किंवा नाही चाललं असतं. टणक गाठीत धारही अडते, मात्रा नेमकी जात नाही, म्हणून आम्ही सुईच पसंत करतो, असं सांगितलं असतं तरी पटलं असतं. पण प्रश्नच उडवून लावला.

आता तक्रारी.

पहिली तक्रार तुमच्या गप्प बसण्याची. तुमच्या गप्प बसण्याचा अर्थ लोक होकार असा काढतात. गिऱ्हाईक मला म्हणतं, “धोका असता तर डॉक्टर बोलले नसते का?” यावर मी काय बोलू? पार्लरवाली नाही म्हणाली की तिला मशीन परवडत नाही म्हणून नाही म्हणते, असा समज होतो. माझी काही गिऱ्हाइकं याच कारणानं शेजारच्या गल्लीत गेली. माझा तोटा मी सोसेन, पण माझ्या ‘नाही’मागे उभं राहायला तुमच्यातलं कुणीतरी हवं होतं.

दुसरी, तुमच्या नावाच्या वापराची. भिंतीवरच्या सर्टिफिकेटवर डॉक्टरची सही दिसली की बाईला वाटतं, शिकूनच आलीय. दोन दिवसांत चेहऱ्यातल्या रक्तवाहिन्या शिकवता येत असत्या तर तुम्ही इतकी वर्षं कॉलेजात कशाला घालवली असती? तुमच्यातले कितीतरी जण आपल्याच डॉ. वैशंपायन वैद्यकीय महाविद्यालयातून शिकून बाहेर पडलात. ते महाविद्यालय १९६३ पासून आहे, त्याच्या नावाला गावात मान आहे. हॉटेलातल्या हॉलमध्ये तो मान असा वाटू नका.

तिसरी तक्रार तुमच्या स्वतःच्या क्लिनिकमधली, आणि ती मला सगळ्यात जास्त सलते. सगळे असे नाहीत, पण काही ठिकाणी केसांना किंवा चेहऱ्याला जेटनं औषध सोडायचं काम हाताखालची मुलगी करते आणि डॉक्टर शेजारच्या खोलीत असतात. नळीचं टोक स्पिरिटच्या बोळ्यानं पुसतात आणि पुढच्या पेशंटला तेच. मी विचारलं तर म्हणे, “सुईच नाही, तर इन्फेक्शन कसलं?” डॉक्टर, याचं उत्तर तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. १९८४-८५ मध्ये कॅलिफोर्नियात वजन घटवण्याच्या एका क्लिनिकमध्ये जेट इंजेक्टरनंच हिपॅटायटिस बी पसरली. धार कातडीवर आदळते तेव्हा रक्ताचा डोळ्याला न दिसणारा अंश उलटा टोकावर उडतो आणि पुढच्या माणसात जातो. म्हणून अमेरिकेच्या संरक्षण खात्यानं १९९७ मध्ये एकच टोक अनेकांना वापरायची यंत्रं बंद केली. त्यानंतरची चांगली यंत्रं प्रत्येक माणसाला नवं टोक लावूनच चालवायची असतात. गल्लीतला सलूनवाला आज गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर नवं ब्लेड फोडतो. तेवढं तर क्लिनिकमध्ये व्हायला हवं.

चौथी जाहिरातींची. ‘शून्य वेदना’, ‘शून्य धोका’ असे बोर्ड सात रस्त्यापासून जुळे सोलापूरपर्यंत दिसतात. यंत्र आवाज करतं, फटका बसल्यासारखं लागतं, काहींना रक्त येतं, काळं-निळं पडतं. सुईच्या भीतीनं थरथरणाऱ्या पोराला ते नक्की सोपं जातं, यात वाद नाही. पण शून्य म्हणू नका. पोराला पहिल्याच फटक्याला लागलं की ते पुन्हा तुमच्याकडे येत नाही, आणि त्याची आईही येत नाही.

पाचवी, बिघडलेल्या केसला हाकलण्याची. त्या नवरीबद्दल वर लिहिलंच आहे.

या पत्रातली मागणी कुणावर छापा टाका अशी नाही. पार्लरवाल्या बहुतेक पोटासाठी धंदा करणाऱ्या बायका आहेत. पेन घेण्यासाठी बचत गटातून कर्ज काढलेल्या मला माहीत आहेत. त्यांना चोर ठरवून पेन बंद होणार नाही, ते घराच्या आतल्या खोलीत जाईल, आणि मग काही बिघडलं तर कुणाला कळणारही नाही. तुमच्याकडून मला जे हवंय ते असं:

तुम्ही सगळ्यांनी सह्या करून एक पान काढा. पेननं फिलर किंवा बोटॉक्स करून घेऊ नका, का करू नये, आणि ओठ पांढरा पडून जोरात दुखायला लागला तर एक तासही न थांबता कुठे जायचं, एवढंच त्यावर लिहा. मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दूत. छपाईचा खर्च आम्ही पार्लरवाल्या वाटून घेऊ आणि आमच्याच आरशांवर चिकटवू.

डॉक्टर नसलेल्यांना कातडीखाली काहीही टोचायला शिकवणाऱ्या कोर्सला नाव, सही, फोटो, पाहुणे म्हणून हजेरी यांतलं काहीही देऊ नका. ज्यांनी आजवर दिलंय त्यांनी ते मागे घेतल्याचं कळवावं.

तुमच्या क्लिनिकमध्ये सुईविना यंत्र असेल तर प्रत्येक पेशंटसमोर नवं टोक फोडा आणि वापरलेलं त्याच्यासमोर कचऱ्याच्या ठरलेल्या डब्यात टाका. यंत्र डॉक्टरच्या हातात असू द्या. कुपीवरचं स्टिकर पेशंटच्या फाईलला लावा आणि त्याचा फोटो काढू द्या. १ एप्रिल २०२० पासून देशात सगळी वैद्यकीय उपकरणं औषध कायद्याखाली आली आहेत. आयात केलेल्या उपकरणावर आयातदाराचं नाव आणि लायसन्स नंबर असायलाच हवा. तो नसलेली कुपी तुमच्या टेबलावर दिसू नये, म्हणजे आमच्या शेल्फवरची काढायला सांगण्याचा अधिकार तुम्हाला राहील.

फिलर भरणाऱ्या प्रत्येकानं ते विरघळवायचं इंजेक्शन फ्रीजमध्ये तयार ठेवावं, आणि कुठेही बिघडलेली केस आली तरी आधी घ्यावी, रागवायचं ते नंतर. अशा प्रत्येक केसची नोंद सरकारच्या मटेरिओव्हिजिलन्स कार्यक्रमाकडे, म्हणजे वैद्यकीय उपकरणांनी झालेल्या इजांची नोंद ठेवणाऱ्यांकडे, पाठवा. तो कार्यक्रम २०१५ पासून याच कामासाठी आहे. नोंदच गेली नाही तर कागदावर सोलापुरात काही घडलंच नाही असंच राहणार.

शेवटची मागणी नणंदेची आणि तिच्यासारख्यांची. केलॉइड, भाजल्याचे व्रण, चाई पडलेली लहान पोरं, तळहाताला इतका घाम की परीक्षेचा पेपर भिजतो अशी मुलं: यांच्यातल्या कुणाला या यंत्राचा खरा फायदा होईल आणि कुणाला नाही, हे तपासून सांगा. ज्यांना होईल त्यांच्यासाठी यंत्र आणा. खासगीत परवडणार नाही अशांसाठी सिव्हिलच्या ओपीडीत ते यावं म्हणून तुम्ही लेखी मागणी करा; तुमच्या लेटरहेडला जे वजन आहे ते आमच्या अर्जाला नाही. आणि फायदा नाही असं ठरलं तर तेही कारणासकट सांगा.

आमच्या बाजूनं एक तयारी आहे. शहरातल्या तीस-चाळीस पार्लरवाल्या एका दुपारी एकत्र येतील, हॉल आम्ही बघू, चहा आणि खारी आमच्याकडून. तुमच्यातल्या कुणीतरी दोघांनी येऊन तासभर समजावून सांगा की पार्लरमध्ये काय करायचं, काय करायचं नाही, आणि कुठली खूण दिसली की गिऱ्हाईक तुमच्याकडे पाठवायचं. सोमवारी आमची दुकानं सैल असतात. तारीख मात्र तुळशीच्या लग्नाआधीची द्या, त्यानंतर आम्हाला मान वर करायला वेळ नसतो.

कळावे,

आपली,
विजापूर रोडवरची एक पार्लरचालक, सोलापूर